ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा प्रेशर सोलेनॉइड: चेंबर उघडायच्या आधी काय काय तपासायचं

स्कॅनरवर पी०७४५ (प्रेशर सोलेनॉइडचा कोड) दिसला की सोलेनॉइड, म्हणजे ऑइलचं प्रेशर कमी-जास्त करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, मागवायचा, चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं) उघडायचं, नवा पार्ट बसवायचा, ऑइल भरायचं आणि मग पहिल्याच घाटात तोच कोड परत, तोच झटका परत. हे इतक्या लोकांचं होतंय की एकदा नीट क्रमाने लिहून टाकतो. मुद्दा एकच आहे, कोड कधीच "पार्ट खराब झाला" असं सांगत नाही. कोड सांगतो की या सर्किटमध्ये किंवा या प्रेशरमध्ये टीसीएमला (गिअरबॉक्स चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) जे अपेक्षित होतं ते दिसलं नाही. ते उंदराने कुरतडलेल्या वायरमुळे असेल, मेलेल्या बॅटरीमुळे असेल, ऑइल कमी असल्यामुळे असेल, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा) झिजल्यामुळे असेल, आणि हो, कधीकधी खरंच सोलेनॉइडमुळे पण असेल. म्हणून बाहेरून आत जायचं, आणि चेंबर सगळ्यात शेवटी.

## तुमची गाडी यात बसते का

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकसाठी आहे, म्हणजे इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, क्रेटाचा सहा स्पीडवाला, जुनी एंडेव्हर वगैरे. मारुतीची एजीएस किंवा कुठलीही एएमटी असेल तर इथेच थांबा, तो मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं, त्याचा अ‍ॅक्च्युएटर वेगळा आणि तपासणी पण वेगळी. डीसीटीमध्ये (दोन क्लचवाल्या बॉक्समध्ये) मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर एकत्र, असतं, ते घरी उघडू नका. सीव्हीटीत (बेल्ट-पुलीवाल्या बॉक्समध्ये) प्रेशर सोलेनॉइड असतो खरा, पण तिथे प्रेशर चुकलं की बेल्ट पुलीवर घसरतो आणि दोन्ही कायमचे ओरखडतात, त्यामुळे सीव्हीटीवर खालचे प्रयोग करू नका, विशेषतः स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून गिअरमध्ये फुल अ‍ॅक्सिलरेटर).

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा म्हणजे पुढचं सगळं कळेल. मेन लाइन प्रेशरचा सोलेनॉइड बहुतेक बॉक्समध्ये असा असतो की करंट बंद झाला की प्रेशर फुल होतं. टीसीएम करंट वाढवतो तसं प्रेशर कमी होतं, शून्य ते साधारण एक अँपियरच्या आत सगळा खेळ. कंपनीने मुद्दाम असं ठेवलंय, वायर तुटली तर क्लच जळण्यापेक्षा गिअर धाडकन पडलेला बरा. म्हणून धाडकन झटका असेल तर संशय आधी वायरिंग आणि इलेक्ट्रिकलवर, आणि स्लिप असेल, म्हणजे आरपीएम चढतंय पण गाडी ओढत नाही, तर संशय ऑइल, पंप, व्हॉल्व्ह बॉडी किंवा क्लचवर. शंभर टक्के नियम नाही हा, पण सुरुवात कुठून करायची ते ठरतं.

## तयारी

- टीसीएम वाचणारा स्कॅनर. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल बऱ्याचदा फक्त इंजिन वाचतो आणि पी०७०० दाखवून गप्प बसतो. पी०७०० चा अर्थ एवढाच की "गिअरबॉक्सवाल्याकडे कोड आहे, त्याला विचारा".
- चांगला मल्टिमीटर आणि बारीक बॅक-प्रोब पिना
- २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब, होल्डर आणि दोन वायरी जोडलेला
- ३०० पीएसआयपर्यंतचा ऑइल प्रेशर गेज आणि तुमच्या बॉक्सच्या पोर्टला बसणारा अ‍ॅडॅप्टर
- चार मजबूत घोड्या किंवा रॅम्प, नुसत्या जॅकवर गाडीखाली अजिबात जायचं नाही
- छोट्या रेंजचा टॉर्क रेंच, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा
- मापाची बाटली किंवा जार, खूण केलेला
- तुमच्याच बॉक्सचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), फिल्टर, चेंबरचं पॅकिंग
- तुमच्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल. खाली दिलेले आकडे अंदाज येण्यासाठी आहेत, मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर मॅन्युअलचाच धरायचा.

## टप्पा १: लक्षणं आणि कोड, काहीही न हलवता

आधी कागदावर लिहा: झटका थंड असताना येतो की गरम झाल्यावर, कुठल्या गिअरमध्ये, पी मधून डी किंवा आर टाकताना येतो की चालताना, पावसात भिजल्यावर सुरू झालं का, नुकतंच कुणी ऑइल बदललंय का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही.

मग स्कॅन करा, सगळे कोड आणि फ्रीझ फ्रेमचे (कोड पडला त्या क्षणाच्या नोंदीचे) फोटो काढून ठेवा. बॅटरीची वायर काढायच्या आधी हे करा, कारण काही गाड्यांत बॅटरी काढली की कोड आणि शिकलेली सेटिंग दोन्ही जातात आणि मग तुम्ही अंधारात.

कोड असे वाचायचे:

- पी०७४८, पी०९६०, पी०९६२, पी०९६३: इलेक्ट्रिकल. सर्किट तुटलंय, शॉर्ट आहे, व्होल्टेज कमी-जास्त आहे. चेंबर उघडायचा विषयच नाही अजून.
- पी०७४६, पी०७४७: परफॉर्मन्स. वायरिंग ठीक वाटतंय पण प्रेशर सांगितल्यासारखं होत नाही, सोलेनॉइड अडकलाय किंवा हायड्रॉलिक भानगड आहे.
- पी०७४५ एकटाच: मोघम, दोन्हीकडे बघावं लागतं.
- पी०७७५ ते पी०७७८ आणि पी०७९५ ते पी०७९८: हेच सगळं, पण बी आणि सी सोलेनॉइडसाठी (वरचे कोड ए सोलेनॉइडचे).
- सोबत पी०७३० किंवा पी०७३१ ते पी०७३६ पैकी काही असेल तर गिअर रेशो जुळत नाहीये, म्हणजे आत काहीतरी खरंच घसरतंय.

इथे थांबून बघा: एकाच वेळी तीन-चार सोलेनॉइडचे कोड आलेत का? सगळे सोलेनॉइड एकाच दिवशी मरत नाहीत. कॉमन सप्लाय, फ्यूज, अर्थिंग, मेन कपलर (वायरी जोडणारा प्लग) किंवा बॅटरी बघा. सोबत पी०५६२ असेल तर सिस्टिम व्होल्टेज कमी होतं, सरळ टप्पा २.

## टप्पा २: बॅटरी, चार्जिंग, अर्थिंग

बंद गाडीची बॅटरी १२.४ व्होल्टच्या वर हवी, गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. मग गिअरबॉक्स ते बॉडीची अर्थ पट्टी बघा, गंज, ढिला बोल्ट, वरून मारलेला रंग. लाइट, एसी, ब्लोअर सगळं चालू करून बॅटरीच्या निगेटिव्ह आणि गिअरबॉक्सच्या बॉडीमध्ये व्होल्टेज मोजा, ०.१ च्या आसपास ठीक, ०.३-०.४ दिसलं तर अर्थिंग खराब आहे. दहा मिनिटांचं काम आहे हे, आणि कंटाळा करून लोक हेच सोडतात.

## टप्पा ३: ऑइल किती आहे, कसं आहे

डिपस्टिक असेल तर सोपं, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं गरम करून, गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू. पण हल्लीच्या बऱ्याच बॉक्सला डिपस्टिकच नसते. खाली ओव्हरफ्लो प्लग असतो आणि ऑइल ठराविक तापमानाला असतानाच तो उघडायचा असतो, अनेक टोयोटा-आयसिन बॉक्समध्ये ३५ ते ४५ डिग्री. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात एटीएफ टेम्परेचर लावून बसायचं, तेवढं झालं की इंजिन चालू ठेवून प्लग उघडायचा, बारीक धार येऊन थेंबांवर आली की लेव्हल बरोबर.

काहीच आलं नाही तर ऑइल कमी, बदाबदा आलं तर जास्त. दोन्हीने प्रेशरची वाट लागते. कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर फिरणारे पार्ट ऑइल घुसळतात, फेस होतो आणि फेसाला प्रेशर धरता येत नाही. खूप गरम बॉक्सवर प्लग उघडलात तर ऑइल फुगलेलं असल्यामुळे जास्त बाहेर येतं, तुम्ही खूश होता की लेव्हल बरोबर आहे, आणि थंड झाल्यावर बॉक्स उपाशी.

वास घ्या. करपट वास आणि काळं ऑइल म्हणजे क्लच जळालेत, सोलेनॉइड बदलून ते परत येणार नाहीत. गुलाबी मिल्कशेकसारखं दिसलं तर रेडिएटरमधून कुलंट घुसलंय किंवा गाडी पुराच्या पाण्यात उभी होती, मग इंजिन अजिबात चालू करू नका, टोइंग करा.

सावधान: "सगळ्यांना चालतं" असं लिहिलेलं एटीएफ आणि गुळगुळीत शिफ्टची बाटलीतली औषधं टाळा. टोयोटाचं डब्ल्यूएस आणि ह्युंदाईचं एसपी-फोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घर्षणाचा हिशोब वेगळा. चुकीच्या ऑइलने जे झटके येतात ते हुबेहूब खराब सोलेनॉइडसारखे असतात. मघाशी "नुकतंच कुणी ऑइल बदललंय का" असं विचारलं ते यासाठीच.

## टप्पा ४: कपलर आणि वायरिंग

इग्निशन बंद, गिअरबॉक्सचा मेन कपलर काढा. आत बघा: हिरवट गंज, वाकलेली पिन, मागे सरकलेली पिन, आणि ऑइल. कपलरमध्ये एटीएफ दिसलं तर केसमधल्या कनेक्टरची सील गेली आहे. ऑइल स्वतः वीज वाहत नाही, पण ते वायरच्या आतून झिरपत टीसीएमपर्यंत पोचतं आणि रबराच्या सिली फुगवून कॉन्टॅक्ट खराब करतं, आणि त्यात बारीक धातूची पूड असेल तर विषयच संपला.

मग हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) हात फिरवत जा, बॅटरी ट्रेच्या खाली आणि सायलेन्सरच्या जवळ जास्त लक्ष. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर-घुशी बॉनेटमध्ये मुक्कामाला असतात, त्यांची पहिली आवड हीच वायर. टेप गुंडाळून दुरुस्त केलेला जुना जोड दिसला तर तो उघडून बघाच.

आता मोजमाप. टीसीएमकडचा कपलर पण काढा (बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा), आणि त्या सोलेनॉइडची वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा: १ ओहमपेक्षा कमी हवं. त्याच वायरीपासून बॉडीपर्यंत मोजा: काहीच कनेक्शन दिसायला नको. एवढ्यावर थांबू नका. एकाच तारेवर लटकलेली वायर पण मीटरवर झकास दिसते कारण मीटर नखभर करंट सोडतो. म्हणून दोन्ही टोकं मोकळी असताना त्या वायरीतून बॅटरीचा पॉझिटिव्ह देऊन पलीकडे २१ वॅटचा बल्ब लावा (त्याची दुसरी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला), बल्ब पूर्ण उजेडात पेटला पाहिजे आणि हार्नेस हलवताना लुकलुकता कामा नये.

सावधान: मीटरची जाड पिन कपलरच्या भोकात समोरून घुसवू नका. आतली क्लिप फाकते, आणि नवाच लूज कॉन्टॅक्ट तुम्ही तयार करता. मागून बारीक पिनेने प्रोब करा. आणि बल्बची टेस्ट करताना टीसीएम जोडलेला असेल तर तो जळेल, दोनदा खात्री करा.

## टप्पा ५: सोलेनॉइडचा रेझिस्टन्स, आणि इथली नेहमीची चूक

गिअरबॉक्सच्या बाजूच्या कपलरमधूनच, चेंबर न उघडता मोजता येतं, पिन नंबर मॅन्युअलमध्ये असतात. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावा, ०.२ ते ०.५ ओहम दिसेल, तो आकडा नंतर वजा करायचा. पाच ओहम मोजताना अर्धा ओहम म्हणजे दहा टक्के.

प्रेशरचे लिनिअर सोलेनॉइड (करंटप्रमाणे हळूहळू कमी-जास्त उघडणारे) साधारण ५ ओहमच्या आसपास असतात, टोयोटाच्या अनेक बॉक्समध्ये २० डिग्रीला ५.० ते ५.६. नुसते चालू-बंद होणारे शिफ्ट सोलेनॉइड जास्त, तिथेच ११ ते १५. तर पाचच्या जागी तेरा दिसलं म्हणून घाबरण्याआधी आपण कुठल्या पिनवर आहोत ते बघा.

आता ती चूक. तो आकडा २० डिग्रीचा आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो. २० डिग्रीला ५.३ असलेला एकदम निरोगी सोलेनॉइड मे महिन्यात नागपूरला सावलीत रात्रभर उभ्या गाडीत ४० डिग्रीला ५.७ दाखवणार, आणि चालून आलेल्या बॉक्समध्ये ८० डिग्रीला साडेसहा. मॅन्युअलमध्ये ५.६ पर्यंतच लिहिलंय म्हणून चांगला पार्ट फेकून देणारे किती जण आहेत, विचारू नका. तापमान बघा, हिशोब करा, मग ठरवा.

आणि फॉल्ट गरम झाल्यावरच येत असेल तर थंड गाडीवर मोजून काही उपयोग नाही. गाडी फिरवून आणा, फॉल्ट आल्या आल्या कपलर काढून मोजा. कॉइलची वायर गरम झाल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर परत जुळते, असं होतं.

इथे थांबून बघा: ओपन, शॉर्ट किंवा तापमानाचा हिशोब करूनही आकडा बाहेर असेल तर दोष चेंबरच्या आत आहे. पण आत म्हणजे सोलेनॉइडच असं नाही, कपलर ते सोलेनॉइडमधला आतला हार्नेस पण असू शकतो. आकडा बरोबर असेल तर कॉइल ठीक, पुढे चला.

## टप्पा ६: प्रेशर गेज

हा टप्पा घरगुती दुरुस्तीत जवळजवळ सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. केसवर लाइन प्रेशरचा छोटा प्लग असतो, तो काढून गेज लावा, पाइप सायलेन्सरपासून लांब बांधा. एटीएफ चालायच्या तापमानाला आणा, हँडब्रेक, चाकांना लाकडी ठोकळे, पाय ब्रेकवर.

आयडलला डी मध्ये बऱ्याच बॉक्सना साधारण चार-पाच बार दिसतात, आर मध्ये जास्त. आकड्यापेक्षा वागणूक बघा. काटा स्थिर हवा. थरथरत असेल तर हवा किंवा फेस, टप्पा ३ कडे परत.

आता लाइव्ह डेटात सोलेनॉइडचा मागितलेला करंट आणि खरा करंट शेजारी शेजारी लावा:

- दोन करंट जुळत नाहीत: इलेक्ट्रिकल. वायरिंग, सोलेनॉइडची कॉइल किंवा टीसीएम.
- करंट जुळतो, पण तो बदलला तरी प्रेशर जागचं हलत नाही: सोलेनॉइड किंवा रेग्युलेटर व्हॉल्व्ह अडकलाय.
- करंट जुळतो, प्रेशर हलतं, पण सगळीकडेच कमी: पंप, चोक झालेला फिल्टर, आतली गळती, झिजलेली व्हॉल्व्ह बॉडी.

मग इग्निशन बंद करून सोलेनॉइडचा बाहेरचा कपलर काढा आणि पी मध्ये परत चालू करा. करंटशिवाय फुल प्रेशरवाला बॉक्स असेल तर प्रेशर चांगलंच चढलं पाहिजे. चढलं तर पंप जिवंत आहे. चढलंच नाही तर नवा सोलेनॉइड तरी कुठून प्रेशर आणणार? तो प्रेशर तयार करत नाही, फक्त नळाची चावी आहे. या टेस्टमुळे नवे कोड पडतील, ते अपेक्षित आहेत, मघाचे फोटो आहेतच.

स्टॉल टेस्ट मॅन्युअलमध्ये सांगितली असेल तरच करा, पाच सेकंदांच्या वर नाही, आणि गाडीच्या पुढे कुणी उभं नको. ऑइल करपलेलं असेल तर करूच नका.

## टप्पा ७: चेंबर उघडणं

आता इथवर पुरावा आला असेल तरच. बॉक्स कोमट होऊ द्या, ऑइल काढा आणि किती निघालं ते मोजा. तेवढंच परत भरायचंय. चेंबरचे बोल्ट काढताना शेवटचे दोन एका बाजूला ठेवून तिरकं सोडा, आत अजून लिटरभर असतं आणि ते बाहीतच जातं.

चेंबरच्या तळाशी मॅग्नेट असतात. त्यावर राखाडी लोण्यासारखा थर असणं नॉर्मल आहे. चमकणारे तुकडे, काट्यासारखे कण, पितळी रंगाची चमक किंवा काळे क्लचचे पापुद्रे दिसले तर काम थांबवा. बॉक्स ओव्हरहॉलला जाणार आहे, नवा सोलेनॉइड त्यात घालून पैसे बुडवू नका.

## टप्पा ८: सोलेनॉइड काढून टेबलावर तपासणं

काढायच्या आधी फोटो, प्रत्येक कपलरला टेपवर नंबर. सोलेनॉइड दिसायला जुळे असतात, आतून नसतात, आणि अदलाबदल झाली की बॉक्स वेड्यासारखा वागतो. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर व्हॉल्व्ह बॉडीचा नकाशा काढून त्यात भोकं पाडून बोल्ट तिथेच खोचा. लांब बोल्ट छोट्या भोकात गेला तर अ‍ॅल्युमिनियम फुटतं. व्हॉल्व्ह बॉडीचे दोन भाग वेगळे करायची गरज नसेल तर करू नका, आतले चेक बॉल टुणकन उडून जातात.

टेबलावर: लिनिअर सोलेनॉइडला थेट १२ व्होल्ट देऊ नका. पाच ओहमला बारा व्होल्ट म्हणजे सव्वादोन अँपियरच्या वर, त्याची सवय एकाची. टोयोटाचं मॅन्युअल २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून द्यायला सांगतं, तसंच करा, क्षणभर. टक असा आवाज आणि आतला व्हॉल्व्ह हललेला दिसला पाहिजे. टक आला म्हणजे सोलेनॉइड निर्दोष असं मात्र नाही, अर्धवट उघडून प्रेशर धरणं हे त्याचं खरं काम, ते या टेस्टमध्ये कळत नाही. टक आला नाही तर नक्की खराब.

सोलेनॉइडच्या तोंडावर बारीक जाळी असते, ती बघा, पापुद्रे अडकलेले असतात. सोलेनॉइड ज्या भोकात बसतो तिथे आणि रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या भोकात टॉर्च मारून बघा: अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतीवर चमकदार घासलेले पट्टे असतील तर झीज तिथे आहे. टप्पा ६ मध्ये करंट बरोबर आणि प्रेशर कमी आलं होतं ना, त्याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. मग व्हॉल्व्ह बॉडी बदलायची किंवा रीमर मारून जाडा व्हॉल्व्ह बसवणाऱ्याकडे द्यायची.

धुऊन परत बसवायचा का? माझं मत, जाळीत कचरा होता आणि कॉइल ठणठणीत आहे तर एकदा ठीक. पण एवढं चेंबर उघडून, नवं ऑइल घालून, जुनाच अडकणारा सोलेनॉइड परत आत ठेवणं मला पटत नाही. भंगारातल्या बॉक्समधला तर नकोच.

## टप्पा ९: नवा बसवणं

पार्ट नंबर बॉक्सच्या नंबरवरून काढा, गाडीच्या मॉडेलवरून नाही, एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळे बॉक्स येतात. ओ-रिंग नव्या, त्यांना तेच एटीएफ लावा, ग्रीस नको. पुसायला धागे न सुटणारं कापड, गॅरेजमधलं चिंधीचं बोचकं नको, एक धागा जाळीत गेला की झालं. ब्रेक क्लीनर धातूवर ठीक, कॉइल आणि रबरावर नको.

व्हॉल्व्ह बॉडीचे छोटे एम-सिक्स बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला असतात, म्हणजे मनगटाच्या अंदाजाने नक्कीच जास्त कसले जातात. मधून बाहेर, दोन फेऱ्यांत. फिल्टर नवा, मॅग्नेट पुसून जागेवर, चेंबरची बसायची कड गुळगुळीत. चेंबरवर सिलिकॉन पॅकिंगची लाडू-वळणी करू नका, जास्तीचं आत पडतं आणि फिल्टरला चिकटतं.

इथे थांबून बघा: चेंबर लावायच्या आधी बाहेरच्या कपलरमधून सगळ्या सोलेनॉइडचा रेझिस्टन्स परत एकदा मोजा. आतला एखादा कपलर नीट बसला नसेल तर तो आत्ता सापडेल, नंतर पाच लिटर ऑइल काढून नाही.

## टप्पा १०: ऑइल, रिलर्न, चाचणी

निघालं तेवढं भरा, इंजिन चालू करा, पाय ब्रेकवर ठेवून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबत पी पासून खालपर्यंत आणि परत जा, मग तापमान लावून ओव्हरफ्लो प्लगवर लेव्हल. इंजिन चालू गाडीखाली जायचंय, चारही घोड्या पक्क्या आणि गाडी सपाट.

पुढची पायरी वगळणारे म्हणतात "नवा पार्ट टाकून पण झटका आहे". जुन्या झिजलेल्या सोलेनॉइडला सांभाळून घ्यायला टीसीएमने जी सेटिंग शिकली होती तीच तो नव्यावर चालवतो. स्कॅनरने अ‍ॅडॅप्टेशन रीसेट करा आणि मॅन्युअलमध्ये दिलंय तसं रिलर्न ड्राइव्ह करा, साधारणपणे ऑइल गरम, हलका अ‍ॅक्सिलरेटर, सगळे गिअर क्रमाने वर, मग हळू ब्रेक लावत थांबणं, हे अनेकदा. काही बॉक्समध्ये त्याच्याही पुढे कोड भरावा लागतो, एंडेव्हरमधल्या फोर्डच्या ६आर८० मध्ये सोलेनॉइड बॉडीचा स्वतःचा कोड असतो आणि बॉडी बदलली की टीसीएमला तो सांगावा लागतो. ते नाही केलं तर सगळं नवं असून गिअर धडपडतात.

पहिली चक्कर मोकळ्या रस्त्यावर, लाइव्ह डेटा शेजारच्याच्या हातात, चालवणाऱ्याच्या नाही. घरी आल्यावर स्कॅन, पेंडिंग (अजून पक्के न झालेल्या) कोडसकट. चेंबरखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा, सकाळी थेंब बघा. आठवडाभराने अजून एकदा स्कॅन. पी०७४६ परत आलाच तर दुसरा सोलेनॉइड मागवू नका, गेज परत लावा आणि टप्पा ६ चे आकडे जुन्यांशी जुळवून बघा. प्रेशर तेवढंच कमी असेल तर आता पंप आणि व्हॉल्व्ह बॉडीची पाळी, आणि ते बॉक्स उतरवणाऱ्याचं काम आहे. त्याच्याकडे जाताना कोडचे फोटो आणि दोन्ही वेळचे आकडे घेऊन जा, त्याचा अर्धा दिवस वाचेल आणि तुमचे पैसे.